पडद्यावरचा बल्ब नेहमीच पेटतो

२०२१ च्या जुलैमध्ये आमचं उंबरमाळी स्टेशन एका दिवसात देशभर पोचलं. खर्डी आणि कसारा यांच्या मधला हा छोटासा थांबा. त्याच वर्षी त्याला रीतसर स्टेशनचा दर्जा मिळाला होता. मग पाऊस आला, रूळ दिसेनासे झाले, पाणी प्लॅटफॉर्मच्या कडेला टेकलं आणि त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. मीही तो बऱ्याच वेळा पाहिला. माझ्या वर्गातल्या मुलांनी तर त्यावर गाणं लावून स्टेटस ठेवलं.

पुढे नववीच्या वर्गात मी विचारलं, "पाणी किती वेगाने वाहत होतं?" कोणालाच सांगता येईना. "वाहणारं पाणी रुळाखालची खडी कशी काय उचलून नेतं?" त्यालाही उत्तर नाही. सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि तरी पाहिलेलं कोणाकडेच नव्हतं. यात मुलांचा दोष नाही. पाहिलं म्हणजे कळलं, हे त्यांना आपणच शिकवलंय, आणि आता तेच आपण शाळेच्या भिंतीवर ७५ इंचांचं करून टांगतोय.

मी शहापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. हा लेख व्हिडिओच्या विरोधात नाही. व्हिडिओ लावून "भौतिकशास्त्र शिकवून झालं" असं जे रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, त्याच्या विरोधात आहे. खेड्यातल्या, पाड्यावरच्या मुलांना प्रयोगाऐवजी प्रयोगाचा व्हिडिओ पुरतो, या समजुतीच्या तर अगदी विरोधात आहे.

पडदा आला, कपाट बंद झालं

आमच्या तालुक्याला डिजिटल शाळेचं अप्रूप नाही. उलट ती गोष्ट इथूनच बाहेर गेली. शहापूरजवळच्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषदेची छोटी शाळा राज्यातली पहिली डिजिटल शाळा म्हणून गाजली. टॅब, प्रोजेक्टर पाहायला राज्यभरातून शिक्षक तिथे आले. पुढे २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि डिजिटल शाळांची लाटच आली. लोकवर्गणीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, आमदार निधीतून पडदे आले. पष्टेपाड्याला जे जमलं त्यात एका शिक्षकाची धडपड होती, गावाचा हात होता. पुढे जे पसरलं त्यात बऱ्याच ठिकाणी फक्त खोकं पसरलं.

माध्यमिक शाळेत हे खोकं येतं तेव्हा काय होतं, ते मी जवळून पाहतोय. फीत कापली जाते, फोटो निघतो, पेढे वाटले जातात. त्याच व्हरांड्याच्या टोकाला एक लोखंडी कपाट असतं. त्यात दोन ॲमीटर, एक काटा अडकलेला व्होल्टमीटर, काही भिंगं, चुंबकसूचीची डबी आणि एक पोचे आलेला कॅलरीमापी. कपाटाला कुलूप, किल्ली कार्यालयात आणि साहित्य फुटलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न कायमचा. पडदा लावला की काही फुटत नाही. पोरं गप्प बसतात. पाहुणे आले की वर्ग छान दिसतो. मग त्या कपाटाकडे कोण जाणार?

दहावीला विज्ञानाची लेखी परीक्षा ४० अधिक ४० गुणांची आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. ते २० गुण बहुतेक ठिकाणी कसे मिळतात, हे हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. वही उतरवून. पूर्वी शेजारच्या मुलाची वही उतरवायचो, आता व्हिडिओ थांबवून निरीक्षणाचा तक्ता उतरवतात. फरक इतकाच की आता फसवणूक रंगीत झाली.

पण मुलांना आवडतं की!

हा पहिला बचाव. व्हिडिओ लावला की मुलं खूष असतात, लक्ष देतात, "सर, समजलं" म्हणतात. खरंच म्हणतात. तेच तर घातक आहे.

'व्हेरिटासियम' हे यूट्यूब चॅनल तुमच्यापैकी कित्येक जण पाहत असतील. ते चालवणाऱ्या डेरेक म्युलरने २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात पीएचडी केली, ती याच विषयावर: भौतिकशास्त्राचे व्हिडिओ कसे असावेत. त्याने विद्यार्थ्यांना दोन तऱ्हेचे व्हिडिओ दाखवले. एकात विषय सरळ, स्वच्छ, नीटनेटका समजावलेला. दुसऱ्यात लोकांच्या मनात असलेल्या चुकीच्या कल्पना आधी संवादातून मांडलेल्या आणि मग त्या तपासलेल्या. पहिला व्हिडिओ पाहणाऱ्यांना तो स्पष्ट, सोपा वाटला, पण चाचणीत त्यांची फारशी प्रगती दिसली नाही. उलट आपलं आधीचंच बरोबर होतं, अशी त्यांची खात्री वाढली. दुसरा गोंधळात पाडणारा वाटला, डोक्याला ताण देणारा वाटला, आणि शिकणं त्यातून झालं.

२०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी असंच काहीसं तपासलं. उत्तम व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. स्वतः झगडून उदाहरणं सोडवणाऱ्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. चाचणीचा निकाल नेमका उलटा लागला.

हे मला फार मोलाचं वाटतं, कारण माझ्या वर्गात रोज हेच घडतं. एक मुलगा ठामपणे सांगतो की जड वस्तू आधी पडते. गुरुत्वाकर्षणाचा व्हिडिओ लावला, त्यात दोन चेंडू एकदम पडले, पोरगं मान डोलावतं. पंधरा दिवसांनी विचारा, पुन्हा जड वस्तूच आधी. व्हिडिओ त्याच्या कल्पनेला स्पर्शही न करता शेजारून निघून गेला. कारण व्हिडिओने त्याला कधी विचारलंच नाही, "तुला काय वाटतं?"

प्रत्यक्ष प्रयोग दाखवला तरी हेच होऊ शकतं, बरं का. हार्वर्डच्याच एरिक माझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे मांडलं. शिक्षकाने प्रयोग करून दाखवला आणि विद्यार्थ्यांनी नुसता पाहिला, तर असं का झालं याचं कारण सांगण्यात ते प्रयोग न पाहिलेल्यांच्या जवळपासच राहिले. प्रयोगाआधी "काय होईल?" याचा अंदाज नोंदवायला लावला, तेव्हा फरक पडला. अंदाज करायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. कितीचं साहित्य लागतं? एक कागदाचा चिटोरा. तो चिटोरा नसेल तर हार्वर्डची प्रयोगशाळाही करमणुकीचं साधन होते, मग आमच्या पडद्याची काय कथा.

बल्ब का पेटत नाही

धाराविद्युतचा व्हिडिओ कोणताही घ्या. सेल, वायर, कळ, बल्ब. कळ दाबली की बल्ब पेटतो. निळे गोळे तारेतून पळू लागतात, मागे संगीत वाजतं.

आता तेच माझ्या वर्गात करू या. टॉर्चचा बल्ब, एक सेल, हातभर वायर, चिकटपट्टी. सहा गटांपैकी चार गटांचा बल्ब पहिल्या फेरीत पेटत नाही. एकाने वायरचं प्लास्टिक सोललेलंच नसतं. एकाने दोन्ही वायरी बल्बच्या एकाच टोकाला लावलेल्या असतात. एकाचा सेल घरच्या रिमोटमधून काढून आणलेला, मेलेला. एकाची चिकटपट्टी तारेच्या आणि सेलच्या मधेच बसलेली. पुढची वीस मिनिटं वर्गात बाजार भरतो. "आमचा बल्ब त्यांच्या सेलवर लावून बघू." "वायर बदल." "अरे, खालचं टोक वेगळं आणि बाजूचं वेगळं असतं!"

ही वीस मिनिटं म्हणजेच भौतिकशास्त्र. बंद परिपथ म्हणजे काय, हे त्या पोरांना इथे कळतं, कारण परिपथ उघडा राहिल्याचा त्रास त्यांनी भोगलेला असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही विज्ञानाची रीत त्यांना कोणी न सांगता सापडते. व्हिडिओ नेमकी हीच वीस मिनिटं कापून टाकतो. त्याला ती संकलनाच्या टेबलावर कचरा वाटतात. पडद्यावरचा बल्ब नेहमीच पेटतो, म्हणून तो काही शिकवत नाही.

शिवाय ते निळे गोळे. ते पाहून माझ्या अर्ध्या वर्गाची समजूत पक्की होते की वीज बल्बमध्ये जाऊन संपते, म्हणजे गोळे आत जातात आणि थोडे कमी होऊन बाहेर येतात. बल्बच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा ॲमीटर लावला, दोन्हीकडे काटा एकाच आकड्यावर थांबला, की ही समजूत मोडते. मुलं तोंडाचा आ करून बघतात. त्यासाठी कपाटाचं कुलूप उघडावं लागतं.

"काहीच नसण्यापेक्षा बरं"

हा दुसरा बचाव आणि सगळ्यांत सभ्य. शिक्षक कमी आहेत, साहित्य नाही, मुंबईतल्या चांगल्या शिक्षकाचं शिकवणं जर पाड्यावरच्या मुलाला फुकट मिळत असेल तर तुमचं काय जातं?

या म्हणण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. ज्या घरात टीव्ही होता, त्या घरातल्या मुलांना तिचा आधार झाला. बुडत्याला काडीचा आधार देणाऱ्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण पूर ओसरल्यावर काडीलाच होडी म्हणू नये.

आणि "काहीच नाही" ही अवस्था आपोआप आलेली नाही. गणित-विज्ञानाची जागा रिकामी राहते, कारण ती भरली जात नाही. पडदा आला की ती रिकामी जागा दिसेनाशी होते. तपासणीला आलेला अधिकारी "विज्ञान कोण शिकवतं?" असं विचारायचा, तो आता "स्मार्ट क्लास चालतो का?" असं विचारतो. पडदा हा शिक्षकाचा मदतनीस म्हणून आला असता तर मी त्याची पूजा केली असती. तो शिक्षकाचा बदली कामगार म्हणून येतो, याला माझी हरकत आहे.

याच्याही मुळाशी एक विषमता आहे आणि ती स्पष्ट बोलायला हवी. ठाण्या-मुंबईच्या महागड्या शाळेत मूल विज्ञान शिकतं तेव्हा त्याच्या हातात भिंग असतं, मोटर असते, रोबोटिक्सचा संच असतो. तिथले पालक नुसता व्हिडिओ लावला तर फी परत मागतील. आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली मुलांसाठी मात्र तोच व्हिडिओ म्हणजे क्रांती. ज्यांचे हात लहानपणापासून काम करतात, गलोल बनवतात, खेकडे पकडतात, गवताचा भारा तोलतात, त्यांना आपण हाताची घडी घालून पडद्यासमोर बसवतो. यापेक्षा उलटा कारभार कोणता असेल?

हाच ठाणे जिल्हा एके काळी दुसरं काही करत होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केलं. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाण्यात होतं. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. दगड, पानं, बिया, शिंपले हे त्यांचं शैक्षणिक साहित्य. त्यांच्याकडे वीजही धड नव्हती. आमच्याकडे वीज आहे, इंटरनेट आहे आणि आम्ही मुलांना कुरणातून उचलून पडद्यासमोर आणलंय.

व्हिडिओचं खरं काम

व्हिडिओ कशाला हवा, हे जगाला साठ-सत्तर वर्षांपूर्वीच कळलं होतं. अमेरिकेत १९५६ मध्ये एमआयटीत जेरॉल्ड झकारियास यांच्या पुढाकाराने शाळेतलं भौतिकशास्त्र नव्याने रचायचं काम सुरू झालं. त्यांनी सिनेमेही काढले. ते आजही पाहण्यासारखे आहेत. पण त्याचबरोबर साधं, स्वस्त, मुलांनी हाताळायचं साहित्य बनवलं. वर्गात होईल ते हाताने करायचं आणि जे वर्गात होणं शक्य नाही, तेवढ्यासाठी सिनेमा. अपोलो १५ चा डेव्हिड स्कॉट १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडतो, ते मी वर्गात दाखवतो. चंद्रावर सहल नेता येत नाही. पण सोडण्याच्या क्षणाला व्हिडिओ थांबवतो, प्रत्येकाला अंदाज लिहायला लावतो, मगच पुढे.

आपल्याकडेही चांगलं उदाहरण आहे. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि अशोक रूपनेर यांच्यासारख्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवली आणि ती कशी करायची त्याचे एकेक-दोनदोन मिनिटांचे व्हिडिओ केले, मराठीतही. गुप्ता त्याआधी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले होते. १९७२ मध्ये खेड्यातल्या १६ शाळांत सुरू झालेला तो कार्यक्रम पुढे शेकडो सरकारी शाळांत पोचला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. मुक्तांगणच्या व्हिडिओंची गंमत अशी की व्हिडिओ संपला की तुमचं काम सुरू होतं. स्ट्रॉ कापा, चुंबक ठेवा, पिन टोचा. बाजारातले व्हिडिओ संपले की पुढचा व्हिडिओ सुरू होतो. दोन्हींतला फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

राज्य सरकारची स्वतःची 'बालचित्रवाणी' पुण्यात १९८४ पासून मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवत होती. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. त्याच काळात शाळाशाळांत पडदे लागत होते. म्हणजे दाखवायची सोय वाढवली आणि आपल्या मुलांसाठी, आपल्या भाषेत बनवायची सोय मोडली. आता पडद्यावर जे येतं त्यातली लिफ्ट, स्केटिंग, बर्फावरची गाडी आमच्या पोरांनी पाहिलेली नसते आणि 'अपवर्तन', 'विभवांतर' हे शब्द तर त्यांच्या घरच्या बोलीपासून मैलभर लांब.

बघायचा कशाला, मोजू या

माझा खरा मुद्दा आता येतो. तुमच्या खिशात जो फोन आहे, तो टीव्ही म्हणून वापरणं हा त्याचा सगळ्यांत कमी दर्जाचा वापर आहे. तो एक मोजमापाचं यंत्र आहे. साधा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. म्हणजे तुमच्याकडे सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत मोजणारं घड्याळ आहे. एक मीटर उंचीवरून दगड सोडा आणि व्हिडिओ काढा. एकेक चित्र पुढे सरकवत मोजा. साधारण साडेतेरा चित्रांत दगड जमिनीवर येतो, म्हणजे ०.४५ सेकंद. त्यावरून गुरुत्वत्वरण काढता येतं. पुस्तकात ९.८ लिहिलंय, ते खरं की खोटं, हे पाड्यावरची मुलगी स्वतः ठरवू शकते.

आणि आमच्याकडे तर लोकल आहे. उंबरमाळीच्या प्लॅटफॉर्मवर, पिवळ्या रेषेच्या आत, थांबलेल्या गाडीच्या अगदी पुढच्या टोकाशी उभं राहायचं. फोन खांबाला टेकवून स्थिर धरायचा. गाडी सुटते आणि १२ डबे एकामागून एक समोरून जातात. सगळे डबे जवळपास सारख्या लांबीचे, म्हणजे फूटपट्टीच धावतेय असं समजा. पहिला डबा जायला जेवढा वेळ लागला, ते आपलं माप. गाडीचा वेग एकसारखा वाढत असेल, तर त्याच मापाच्या दुसऱ्या वेळात तीन डबे जायला हवेत आणि तिसऱ्या वेळात पाच. एक, तीन, पाच. गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून हाच क्रम शोधला होता, चारशे वर्षांपूर्वी. आमची पोरं तो कसारा लोकलच्या डब्यांत शोधतात.

आकडे कधी तंतोतंत येत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात पाच डबे भरत नाहीत. मग भांडण सुरू होतं. मोटरमनने वेग वाढवणं कमी केलं का? पहिल्या डब्याची सुरुवात नेमकी कोणत्या चित्रात धरायची? कसाऱ्याकडे जाणारी आणि मुंबईकडे जाणारी गाडी घेतली तर आकडे वेगळे येतील का? हे शेवटचं एका मुलीने विचारलं. तिच्या डोक्यात चढ आला होता. कसाऱ्याच्या पुढे थळ घाटात ३७ ला १ असा चढ आहे आणि गाड्यांना ढकलायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, हे तिने आयुष्यभर पाहिलंय. पुस्तकातल्या बलाचा आणि त्या इंजिनांचा संबंध मात्र तिला त्या दिवशी लागला.

हंडा आणि युनिट

हे सगळं कशासाठी? मार्कांसाठी असतं तर वही उतरवूनही भागतं. मला जे पणाला लागलेलं दिसतं, ते वेगळंच आहे.

आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, वैतरणेची धरणं शेजारी आहेत. मुंबई या पाण्यावर जगते. आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. तालुक्याच्याच टोकाला चोंढे इथे घाटघर प्रकल्पाचं २५० मेगावॅटचं भूमिगत वीजघर आहे. वरच्या धरणातलं पाणी सुमारे ४०० मीटर खाली येऊन जनित्रं फिरवतं आणि वीज मुबलक असेल तेव्हा पंपाने परत वर चढवलं जातं.

नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' धड्यात मी हेच गणित देतो. एक हजार लिटर पाणी ४०० मीटर खाली आलं तर किती ऊर्जा? सुमारे ३९ लाख ज्यूल, म्हणजे ढोबळमानाने एक युनिट वीज. आता तुमच्या आईचा हंडा घ्या. १५ लिटर पाणी, विहिरीपासून पाड्यापर्यंत समजा २० मीटर चढ. एका खेपेला पाणी वर चढवण्याचं कार्य सुमारे २,९४० ज्यूल. एक युनिट व्हायला किती खेपा? बाराशेहून जास्त.

वर्ग शांत होतो. मग कोणीतरी विचारतं, "मग पाणी पंपाने चढवायला एवढीशीच वीज लागते?" हो, एवढीशीच. पंपात, नळात वाया जाणारी धरली तरी फार तर दुप्पट-तिप्पट. दुसरी म्हणते, "पण सर, पुस्तकात लिहिलंय, सपाट रस्त्याने हंडा नेला तर कार्य शून्य. मग आई दमते कशाला?" उत्तम प्रश्न. स्नायू ताणून धरायलाही शरीराची ऊर्जा लागते, पण ती हंड्याला मिळत नाही, उष्णता होऊन जाते. शिवाय प्रत्येक खेपेला आई स्वतःचं वजनही तो चढ चढवतेच. यावर आमचा अख्खा तास गेला आणि तो व्हिडिओने गेला नसता. कारण या गावचा, या विहिरीचा, या आईचा व्हिडिओ कोणी बनवलेलाच नाही.

भौतिकशास्त्र आमच्या मुलांना याच्यासाठी हवंय. आपलं पाणी कुठे जातं, वीज कुठे जाते, आपले कष्ट किती आणि ते किती स्वस्तात टळू शकतात, हे आकड्यात मांडता यावं म्हणून. ग्रामसभेत उभं राहून "पंप द्या" म्हणणं वेगळं आणि "बाराशे खेपांचं काम काही रुपयांच्या विजेत होतं, हे घ्या गणित" म्हणणं वेगळं. ज्याला फक्त बघायला शिकवलंय, तो आयुष्यभर प्रेक्षक राहतो. सरकारला, कंपन्यांना आणि पुढाऱ्यांना प्रेक्षक आवडतात. शाळेने त्यांची सोय करायचं काही कारण नाही.

मग काय करायचं?

"अभ्यासक्रम पुरा कधी करणार?" असं माझे सहकारी विचारतात. प्रश्न खोटा नाही. माझं उत्तर असं, की वर्षभरात दहा प्रयोग मनापासून करा आणि बाकी खुशाल फळ्यावर शिकवा. दहांतून जी नजर येते, ती बाकीचे धडे सोपे करते.

पडद्याबद्दल माझ्या मागण्या साध्या आहेत. वर्गात लावलेला प्रत्येक व्हिडिओ निकालाच्या आधी थांबला पाहिजे आणि प्रत्येक मुलाने अंदाज लिहिला पाहिजे. शाळेला पडदा देणाऱ्याने सोबत साहित्याची पेटी दिली पाहिजे, आणि त्या पेटीतलं काही फुटलं तर शिक्षकाकडून वसुली होता कामा नये. न फुटलेली पेटी म्हणजे न वापरलेली पेटी. प्रात्यक्षिकाचे २० गुण वहीला देऊ नयेत, मुलाच्या हाताला द्यावेत. समोर परिपथ जोडायला लावा, दहा मिनिटांत कळतं. आणि विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी असेल तर तिथे पडदा लावू नका, शिक्षक द्या.

तुम्ही हे फोनवर वाचताय. उद्या कदाचित तुमच्या कंपनीत एखादी शाळा दत्तक घ्यायची चर्चा निघेल आणि कोणीतरी म्हणेल, "स्मार्ट टीव्ही देऊ या." मोठ्या पडद्याची किंमत लाखाच्या घरात जाते. तेव्हा एवढंच विचारा, की या शाळेत विज्ञानाला शिक्षक आहे का, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते. त्याच पैशांत शंभर मुलांना पुरतील इतके सेल, बल्ब, वायरी, भिंगं, चुंबकं, ताणकाटे येतात आणि उरतातही. पेटी घेऊन स्वतः या. कसारा लोकल पकडा, उंबरमाळीला उतरा. येताना फोन चार्ज करून आणा, गाडी सुटताना तिचे डबे मोजायचे आहेत.